माझा दिवा खोटं बोलत नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

चौऱ्याहत्तर. पुन्हा लिहिते, म्हणजे निदान या वहीतून तरी तो कोणी खोडणार नाही. चौऱ्याहत्तर अंश.

साडेतीन वर्षं घासली तेव्हा हा आकडा हाती लागला. परिषदेला पाठवायच्या सारांशात मी तो ठळक अक्षरांत टाकला होता. आज सारांश सरांकडून परत आला, तर माझ्या आकड्यावर पेन्सिलीची बारीक रेघ आणि वर सरांच्या मुंगीएवढ्या अक्षरांत "लक्षणीय अधिक". लक्षणीय अधिक! वजनकाट्यावर उभं राहून कोणी असं म्हणतं का? मग साडेतीन वर्षं मी मोजलं तरी कशाला, डोळे मिटून अंदाज सांगितला असता.

तडक त्यांच्या खोलीत गेले. सर माझे गाईड आहेत, म्हणून दारावर टकटक केली, नाहीतर तेवढंही केलं नसतं.

"आकडा का काढला, सर?"

"ज्या आकड्याला आपण जामीन राहू शकत नाही, तो घराबाहेर सोडू नये."

"मी राहते ना जामीन!"

"तपकिरी झालेल्या दाण्यांचं तापमान मोजलंस? अभिक्रिया बंद, नुसता नायट्रोजन, भट्टी चारशेवर?"

"मी प्रत्येक प्रयोगाच्या आधी आणि नंतर मोजते. दोन्ही वेळा माझा दिवा आणि भट्टी एकच आकडा दाखवतात. एक अंशाचा फरक नाही."

"तपकिरी असताना?"

"बघते," म्हणाले आणि बाहेर पडले. बघणार नाहीये. एप्रिलच्या तीस तारखेला थिसीस द्यायचा आहे, एक प्रयोग तीन दिवस खातो, आणि हे मला प्रयोगाला आणखी एक शेपूट जोडायला सांगतायत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रात्री जेवताना भावजींनी विचारलं, "लवंगी, नक्की काय झालं ते आम्हा अडाण्यांना कळेल असं सांग." भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. अडाणी वगैरे काही नाहीत, पण मला चिडवल्याशिवाय त्यांना घास गिळवत नाही.

मी सांगितलं. काचेच्या नळीत पांढरे दाणे असतात, साबुदाण्याएवढे. तो उत्प्रेरक. त्यावरून मिथेनॉलची वाफ सोडली की इंधन तयार होतं. ही अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडते. आता दाणे किती तापले हे जग कसं मोजतं? नळीला बाहेरून तार चिकटवून.

"म्हणजे दुलईवर हात ठेवून ताप बघायचा," ताई म्हणाली. ताई नर्स आहे, तिला अर्ध्या वाक्यात कळतं.

अगदी तसंच. म्हणून मी दाण्यांमध्येच एक चूर्ण मिसळलं. त्यावर न दिसणारा लेसर टाकला की ते हिरवं चमकतं, आणि ते हिरवं दोन प्रकारचं असतं, एक निळसर, एक पिवळसर. दाणा जितका गरम, तितका निळसर प्रकाश वरचढ. दोघांचं गुणोत्तर काढलं की आतलं तापमान मिळतं, हात न लावता. हा माझा दिवा. बाहेरची तार चारशे म्हणत होती तेव्हा आत चारशे चौऱ्याहत्तर होते.

"मग सरांना आनंद नाही झाला?" भावजींनी विचारलं.

इथेच तर मेख आहे. एकोणीस वर्षांपूर्वी सरांचा एक पेपर आला. इतरांच्या उत्प्रेरकांना चारशे नव्वद अंश लागतात, माझा चारशेला काम करतो, असा. त्यावर त्यांची सगळी कीर्ती उभी आहे. विभागाच्या व्हरांड्यात तो पेपर काचेच्या चौकटीत लटकतो, आणि मी रोज त्याच्या खालून जाते. तेव्हाचं मोजमाप बाहेरच्या तारेचंच. इतरांनी वाफ विरळ सोडलेली, म्हणून त्यांचं आत-बाहेर सारखंच. माझं खरं मानलं तर त्यांचे नव्वद अंश जातात आणि उरतात सोळा.

"सोळा तर सोळा," भावजी म्हणाले, "अब्रू झाकायला पुरतात."

सगळे हसले. मीही हसले, पण मला सगळं लख्ख कळलं. आकडा का काढला, कळलं!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज सगळ्यांनी मिळून माझा छळ करायचं ठरवलं होतं.

आधी काचवाले काका. आमच्या नळ्या तेच फुंकून बनवतात. त्यांचा नियम असा की नळी परत द्यायची तर स्वच्छ, नाहीतर नवी मिळणार नाही. प्रयोगात दाण्यांवर काजळी धरते. पांढरेशुभ्र आत जातात आणि कडक चहासारखे बाहेर येतात. त्यांचा डाग काचेला लागतो. म्हणून मी प्रत्येक प्रयोग संपला की गरम हवा सोडून काजळी जाळून टाकते. दाणे परत पांढरे, नळी चकचकीत. मग शेवटचं मोजमाप, मग नळी बाहेर. साडेतीन वर्षांत हे मी एकदाही चुकवलेलं नाही. तरी काका आज नळी उजेडात धरून म्हणतात, "कोपऱ्यात पिवळट दिसतंय."

"ती तुमच्या चष्म्याची काच आहे, काका."

"बाळ, काच मला शिकवू नकोस."

मग भट्टी. भट्टीच्या तक्त्यावर सोमवार ते बुधवार, दर आठवड्याला, पेन्सिलीने "राखीव". कोणासाठी, ते नाही. कोणीतरी ऐतखाऊ जागा अडवून बसलाय आणि माझ्यासारखीने गुरुवार-शुक्रवारच्या उष्ट्यावर भागवायचं.

आणि वर सर. जिन्यात गाठून, "तपकिरी दाण्यांचं काय झालं?"

"भट्टी रिकामी नाही, सर."

सरांनी मान हलवली आणि खाली गेले. मला तर वाटलं, त्यांना हायसं वाटलं. म्हणजे बघा! स्वतःच विचारायचं आणि मी नाही म्हटलं की सुटकेचा श्वास सोडायचा. वेळकाढूपणा नाही तर काय आहे हे?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पुन्हा विचारलं. चौथ्यांदा.

प्रामाणिकपणे लिहायचं तर, भट्टी नाही हे एक कारण. दुसरं असं की त्या मोजमापातून काही भलतंच निघालं तर माझ्याकडे दुसरा प्रयोग करायला वेळ नाही, दुसरा आकडा नाही, दुसरी साडेतीन वर्षं नाहीत. पण निघणार नाहीच. आधी बरोबर, नंतर बरोबर, मग मधे चूक कुठून येईल?

गुरुवार, २० फेब्रुवारी

रागात लिहितेय, अक्षर वाईट येईल.

विभागात माझं भाषण होतं. चाळीस माणसं. मी पडद्यावर चौऱ्याहत्तर दाखवला, मुद्दाम मोठा, पाठीमागच्या रांगेलाही दिसेल असा. शेवटी एका पाहुण्याने विचारलं, "हा आकडा पक्का समजायचा का?" मी तोंड उघडायच्या आत मागून सर म्हणाले, "नाही. अजून एक तपासणी बाकी आहे."

चाळीस माणसांसमोर! माझ्याच गाईडने! परक्याने दगड मारला तर निदान अंग चोरता येतं. टाळ्या वाजल्या त्याही आभारप्रदर्शनाला वाजवतात तशा, उरकल्यासारख्या.

घरी येऊन जेवले नाही. संशोधन समितीला पत्र लिहिलं, चार पानं, एका बैठकीत. एकोणीस वर्षांपूर्वीचा पेपर सांभाळण्यासाठी माझा निष्कर्ष दडपला जातोय, हे नाव घेऊन, तारखा घालून लिहिलं. ताईने वाचलं.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "आता आठवडाभर कपाटात ठेव."

"का?"

"कारण तू आता तापलेली आहेस. तापात कोणी मृत्युपत्र करत नाही."

"तू त्यांच्या बाजूची की माझ्या?"

"मी जेवायच्या बाजूची. ये, गरम केलंय."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पत्र दिलं. खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारला, पोचपावती दिली. एक प्रत नियमाप्रमाणे सरांना जाईल म्हणाल्या. जाऊ दे. मी पाठीमागून वार करणाऱ्यांतली नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सरांना प्रत मिळाली असणार. आज व्हरांड्यात समोरासमोर आलो. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ते थांबले, म्हणाले, "तपकिरी दाणे?" सहाव्यांदा.

"वेळ नाही," मी म्हटलं. सर सुद्धा म्हटलं नाही.

माणूस आहे की गोगलगाय? पत्राबद्दल एक शब्द नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

रविवार, २ मार्च

हे कसं लिहावं कळत नाही.

ताई ड्यूटीवरून आली ती हसतच. "आज एका बाईंनी आख्खा वॉर्ड पळवला. बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर धावले, मास्क आणला, आणि बाई मजेत सुनेच्या कागाळ्या सांगतायत. मला संशय आला. नखं बघितली तर गडद चॉकलेटी रंग! पुसला, पुन्हा चिमटा लावला, अठ्ठ्याण्णव."

भावजी म्हणाले, "म्हणजे नटणं जिवावर बेततं."

मी विचारलं, "रंगाने आकडा कसा बदलतो?" विचारता विचारताच मला उत्तर माहीत होतं. चिमट्यात दोन रंगांचे प्रकाश असतात. बोटातून पार जातात. दोघांचं गुणोत्तर काढतात आणि त्यावरून ऑक्सिजन सांगतात. नखावरचा रंग एकाला जास्त खातो, दुसऱ्याला कमी. गुणोत्तर बिघडतं. यंत्र ठणठणीत असतं, बोटही ठणठणीत असतं, आणि आकडा खोटा येतो.

माझे दाणे तपकिरी होतात. माझे दोन हिरवे प्रकाश त्या तपकिरीतून बाहेर येतात.

आणि मी? मी आधी मोजते, तेव्हा दाणे पांढरे. नंतर मोजते, तेव्हाही पांढरे, कारण काकांच्या नळीसाठी मी काजळी जाळून टाकलेली असते. साडेतीन वर्षं प्रत्येक वेळी मी आधी नखं पुसली आणि मग बोट मोजलं. आणि छाती ठोकून सांगत फिरले की माझा दिवा खोटं बोलत नाही.

ताई विचारत होती, काय झालं, भात का टाकलास. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने. त्या माणसाला हे माहीत होतं! पहिल्या दिवसापासून! मग सरळ का नाही सांगितलं?

सोमवार, ३ मार्च

सकाळीच भट्टीच्या खोलीत गेले. भट्टी सांभाळणाऱ्या मावशींना म्हटलं, "पाया पडते, हे तीन दिवस ज्या कोणी अडवलेत त्याच्याकडून मला मागून द्या."

मावशी म्हणाल्या, "अगं, तुझ्यासाठीच आहेत ते. तुझे सर दर आठवड्याला लिहून जातात. तू येत नाहीस म्हणून बुधवारी मी खोडते."

"मला का नाही सांगितलंत?"

"ते म्हणाले, ती आपणहून येईल."

या वाक्यावर मला इतका राग आला की भट्टीचं झाकण बोटावर आपटून घेतलं. आपणहून म्हणे!

गुरुवार, ६ मार्च

प्रयोग नेहमीसारखा केला. फक्त शेवटी जाळलं नाही. मिथेनॉल बंद, नायट्रोजन चालू, तपकिरी दाणे तसेच. अभिक्रिया थांबली म्हणजे आत-बाहेर सगळीकडे भट्टीचं तापमान, चारशे. माझ्या दिव्यानेही चारशे म्हणायला हवं.

तीनशे अठ्ठ्याहत्तर म्हणाला.

पाचदा मोजलं. पाचही वेळा तेच, एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे.

स्टुलावर बसले. संपलं सगळं, असंच वाटलं. मग डोकं हळूहळू चालायला लागलं. दिवा खोटं बोलतो, पण कुठल्या बाजूला? तपकिरी रंग निळसर प्रकाश जास्त खातो. निळसर कमी दिसला की दिव्याला वाटतं दाणे थंड आहेत. म्हणजे तो बावीस अंश कमी सांगतो. अभिक्रिया चालू असतानाही कमीच सांगत होता. म्हणजे माझे चौऱ्याहत्तर चौऱ्याहत्तर नाहीतच.

शहाण्णव आहेत.

एकटीच मोठ्याने हसले. मावशी डोकावून गेल्या. खोटं लिहीत नाही, पहिल्यांदा मनात आलं ते हेच की आता बघतेच सर काय म्हणतात! चारशे आणि शहाण्णव. इतरांचे चारशे नव्वद. सोळा अंशसुद्धा उरले नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च

आलेख सरांच्या टेबलावर ठेवला. शेजारीच माझ्या पत्राची प्रत होती. चार पानं, टाचणी लावलेली. कोपरे मऊ झाले होते.

सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. बोटाने रेघ गिरवली. "चारशे शहाण्णव," म्हणाले. "म्हणजे माझे दाणे इतरांसारखेच. मी फक्त जास्त तापवत होतो आणि मला ते ठाऊक नव्हतं."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दिशा माहीत होती. किती, ते नव्हतं."

"मग सांगायचं ना! पाच आठवडे मी, पाच आठवडे..."

"आकडा वाढेल असं सांगितलं असतं, तर तू वाढलेला आकडा शोधला असतास. आणि तो सापडलाच असता. शोधला की सापडतो. माझं तसंच झालं होतं."

हे मला पटलं, आणि पटलं म्हणून अधिकच राग आला. मी म्हटलं, "पण मी नाही म्हटलं की तुम्हाला बरं वाटायचं. मी पाहिलंय."

असं कोणी गाईडला म्हणतं का? पण मी म्हटलं. ते खिडकीकडे बघत होते.

"हो," म्हणाले. "दर वेळी वाटायचं, ही नाही म्हणेल तर बरं. तू नाही म्हणायचीस. मग चार-पाच दिवस बरे जायचे."

"मग पुन्हा का विचारायचात?"

"मग काय करायचं?" इतकंच म्हणाले, आणि मला आलेखावर अक्षांची नावं नीट लिहून आणायला सांगितलं.

सोमवार, १० मार्च

पत्र मागे घ्यायला गेले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, नोंद झालेलं पत्र परत मिळत नाही, बैठक गुरुवारी आहे, तिथे काय ते बोला. मी म्हटलं, त्यात चूक आहे. त्या म्हणाल्या, सगळ्यांच्याच असते.

"मी सांगितलं होतं ना," असं ताई म्हणाली नाही. भावजींनीही आज चिडवलं नाही. त्यांनी चिडवलं असतं तर मी निदान भांडले असते.

गुरुवार, १३ मार्च

लांब टेबल, पाच माणसं, मधे अध्यक्षबाई. एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला मी. मी उठून म्हटलं, मला आधी काही सांगायचंय. अध्यक्षबाई म्हणाल्या, क्रमाने जाऊ, आधी तक्रारीचं वाचन.

आणि त्यांनी माझं पत्र वाचलं. मोठ्याने, संथ, एकही शब्द न गाळता. लिहिताना मला प्रत्येक वाक्य तलवारीसारखं वाटलं होतं. ऐकताना वाटत होतं, ही कोण बाई, हिला कोणी आवरत का नाही. शेवटचं वाक्य आलं: "थोडक्यात, सरांना सत्याची भीती वाटते."

"आपलं म्हणणं?" अध्यक्षबाईंनी सरांना विचारलं.

सर उभे राहिले. "एक दुरुस्ती आहे. पत्रात चौऱ्याहत्तर आहे, तिथे शहाण्णव करावं. ते मोजमाप तिनेच केलंय आणि ते पक्कं आहे. माझा जुना पेपर मागे घेत असल्याचं मी सोमवारी कळवलं आहे."

"आणि शेवटच्या वाक्याबद्दल?"

"ते राहू द्या. बरोबर आहे."

मी कधी उठले कळलं नाही, खुर्ची मागे पडल्याचा आवाज तेवढा ऐकला. "साफ खोटं आहे ते!" मी ओरडले. "काय लिहून घेताय? सहा वेळा विचारलं त्यांनी! दर आठवड्याला माझ्यासाठी भट्टी राखून ठेवली! आणि मी टाळलं, सहाही वेळा, कारण माझा आकडा जाईल म्हणून माझी गाळण उडाली होती! त्यांचं तर सगळंच जाणार होतं!"

सर म्हणाले, "खाली बस." मी बसायला वाकले, पण खुर्ची मागे पडलेली होती, म्हणून पुन्हा उठावं लागलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "बाई, तक्रार तुमचीच आहे ना?"

"हो."

"मग तुमचं म्हणणं लेखी द्या. ओरडणं इतिवृत्तात येत नाही."

कोरा कागद दिला. सगळे थांबले. चार पानांच्या पत्राला मला एक संध्याकाळ पुरली होती. या चार ओळींना अर्धा तास लागला. मी लिहिलं: सर घाबरले होते आणि तरीही विचारत राहिले. मी घाबरले होते, म्हणून टाळत राहिले, आणि टाळण्याला अन्याय हे नाव दिलं. माझी तक्रार खोटी आहे. ती सरांविरुद्ध न ठेवता माझ्याविरुद्ध नोंदवावी.

अध्यक्षबाईंनी दोनदा वाचलं. असा अर्ज आमच्याकडे आजवर आलेला नाही, म्हणाल्या, आणि शिक्का मारला.